लिहावयास विषय कोठून आणावा?

गतवर्षी पावसाळ्याच्या आरंभी आम्ही नववीच्या वर्गास ‘माझे गाव’ ह्या विषयावर निबंध लिहावयास दिला. विषय जुनाच, आम्ही शिकत होतो तेव्हाही तो होता, आणि आमच्या गुरुजींनीही तो लिहिला असेल. वह्या तपासावयास घेतल्या तेव्हा मात्र आम्ही चकित झालो. राहनाळ, पूर्णा, काल्हेर, अंजूर अशा गावांहून येणाऱ्या मुलांच्या वह्यांतून झुळझुळ ओढे वाहत होते, डोंगरांमागून सूर्यनारायण वर येत होता, गुराखी पावा वाजवीत होते आणि घरोघर जात्यावरच्या ओव्या चालू होत्या. एकीच्या गावात तर मोर नाचत होता.

राहनाळ ज्यांनी पाहिले आहे त्यांस ह्याचे हसू येईल. ठाण्याहून कशेळीच्या पुलावरून खाडी ओलांडून भिवंडीकडे जो जुना रस्ता जातो, त्या वाटेवर अंजूरफाट्याजवळ हे गाव आहे. भाताची खाचरे अजून दिसतात, परंतु त्यांच्या बांधाला बांध लावून पत्र्याच्या उंच छपरांची गोदामे उभी राहिली आहेत. रात्रभर मोठमोठ्या मालमोटारी येतात आणि जातात. कोणी पंजाबची, कोणी तमिळनाडूची. भिवंडीच्या अंगास वळले की यंत्रमागांची खटखट ऐकू येऊ लागते. दिवा ते वसई ह्या लोहमार्गावरील स्टेशन हाकेच्या अंतरावर आहे. मोर आम्ही कधी पाहिला नाही.

एका मुलाची वही जवळजवळ कोरी होती. मथळ्याखाली एकच ओळ होती: ‘आमच्या गावात लिहिण्यासारखे काही नाही.’ ह्या ओळीस दहांपैकी किती गुण द्यावेत ह्याचा विचार करीत आम्ही बराच वेळ बसलो. इतर मुलांनी क्रमिक पुस्तकातील गाव उतरून काढले होते. ह्या एकाने आपले गाव त्या पुस्तकातील गावाशी ताडून पाहिले होते, ते जुळत नाही हे त्याच्या ध्यानी आले होते, आणि त्याने खरे तेच लिहिले होते. परंतु त्या ओळीत जी लाज होती ती आम्हांस बोचली. हा लेख त्या ओळीचे उत्तर म्हणून लिहीत आहोत. वर्गात ते नीटसे देता आले नव्हते.

लेखकास, कवीस किंवा चित्रकारास स्फूर्ती होते असे आपण म्हणतो. हा शब्द ‘स्फुर्’ ह्या संस्कृत धातूपासून आला आहे. त्याचा अर्थ थरथरणे, लवणे, चमकणे. डोळ्याची पापणी लवते त्यास जुन्या ग्रंथांत नेत्रस्फुरण म्हटले आहे. म्हणजे स्फूर्ती ही बाहेरून कोणी आणून द्यावयाची वस्तू नव्हे. बाहेरचे काही दिसले किंवा ऐकू आले म्हणजे आत जे हलते, ती स्फूर्ती. मुलांचा समज असा असतो की हे हलणे लांबच्या ठिकाणीच होते: काश्मीरात, समुद्रकाठी, नाहीतर परदेशात. तेव्हा प्रथम प्रवासाचेच उदाहरण घेऊ.

पेण तालुक्यातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे गरीब भिक्षुक गृहस्थ. घरावर कर्ज झालेले. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे उत्तरेत मोठा यज्ञ करणार आहेत व तेथे भरपूर दक्षिणा मिळेल, असे ऐकून १८५७ साली ते आपल्या काकांबरोबर घराबाहेर पडले. दक्षिणेऐवजी वाट्यास आले बंड. झाशीस इंग्रजी फौजेचा वेढा पडला तेव्हा भटजी शहरातच होते. पुढे लुटले गेले, जिवावरचे प्रसंग आले, आणि अखेर गंगाजळाची कावड घेऊन वरसईस परतले. आपली हकिगत त्यांनी कित्येक वर्षांनंतर लिहून काढली. चिंतामण विनायक वैद्य ह्यांनी ती १९०७ साली ‘माझा प्रवास’ ह्या नावाने छापली, तेव्हा भटजी हयात नव्हते. मूळ हस्तलिखितास धरून असलेली आवृत्ती दत्तो वामन पोतदार ह्यांनी १९६६ साली काढली.

आता विचार करा की हे पुस्तक लोक आजही का वाचतात? लढायांच्या तारखा इतिहासाच्या पुस्तकात मिळतात. भटजींच्या पुस्तकात मिळते ते निराळेच. काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी झाशीची राणी त्यांना भेटली. तहानलेली, धुळीने भरलेली. भटजी पाणी काढून देण्यास पुढे झाले, तर तिने त्यांना थांबविले, स्वतः मडक्याने पाणी काढले आणि ओंजळीने प्याली. एवढेच. परंतु शेकडो पोवाड्यांतून दिसली नसेल अशी ती राणी त्या ओंजळीत दिसते. भटजींनी जन्मात दुसरा ग्रंथ लिहून नाव मिळविलेले नाही, आणि ते निघाले होते पैसा मिळवावयास. गरिबाची नजर त्यांच्यापाशी होती. कोठे काय खावयास मिळाले, कोणी काय दिले, कोणाच्या अंगावर काय होते, हे सारे त्यांनी मनात साठवून ठेवले. तोच प्रवास करून आलेले आणखी किती तरी लोक असतील, ज्यांनी घरी येऊन ‘फार हाल झाले’ एवढेच सांगितले.

प्रवास लांबचाच पाहिजे असेही नाही. आपल्याच तालुक्यात लोनाड येथे डोंगरात कोरलेले बौद्ध लेणे आहे व गावात शिलाहारांच्या काळचे शिवमंदिर आहे. वर्गात विचारले तर ते पाहिलेली तीन मुले निघाली. असो.

शहराच्या रोजच्या धकाधकीतही विषय असतो हे मराठीत फार पूर्वी एका शिक्षकाने दाखवून दिले आहे. गोविंद नारायण माडगावकर हे मूळचे गोव्याकडील. मुंबईस मिशनच्या शाळेत शिकवीत. त्यांचे ‘मुंबईचे वर्णन’ हे पुस्तक १८६३ साली निघाले. त्या वेळी अमेरिकेत यादवी चालू असल्यामुळे तिकडचा कापूस विलायतेस जाईनासा झाला होता व मुंबईच्या कापसास सोन्याचे मोल आले होते. बंदरे, बाजार, नाना जातींचे व्यापारी, नुकतीच दहा वर्षांपूर्वी सुरू झालेली आगगाडी, हे सर्व माडगावकरांनी लिहून ठेवले. देवळे नि राजवाडे वर्णावेत, बाजार तो काय वर्णावयाचा, असे म्हणणारे त्या काळीही असतीलच. आज त्या मुंबईतील बहुतेक घरे पडली, रस्ते बदलले, आणि ती मुंबई पुष्कळशी ह्या पुस्तकामुळेच आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते.

चित्रकलेत हेच काम महादेव विश्वनाथ धुरंधर ह्यांनी केले. कोल्हापूरचा हा मुलगा १८९० साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाला आणि प्रथम विद्यार्थी, नंतर शिक्षक म्हणून एकेचाळीस वर्षे तेथे राहिला. त्यांच्या आत्मचरित्राचे नावच ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ असे आहे. त्यांनी पौराणिक व ऐतिहासिक चित्रे पुष्कळ काढली. पण मुंबईच्या रस्त्यांत दिसणारी माणसे त्यांनी जशी टिपली तशी फार थोड्यांनी टिपली असतील. कोणाची पगडी कशी, लुगडे कसे नेसलेले, डोक्यावर ओझे असले म्हणजे मान कशी राहते! आमच्या मते पौराणिक चित्रांपेक्षा ही माणसे अधिक जिवंत आहेत. ह्याविषयी आमच्या चित्रकलेच्या शिक्षकांचे मत भिन्न आहे हेही येथे नमूद करतो.

आता आमच्या सहलीची हकिगत. गेल्या फेब्रुवारीत आम्ही वीस मुलांना मुंबईस काळा घोडा कला महोत्सव दाखवावयास नेले. हा महोत्सव १९९९ पासून भरत आला आहे. ठाण्याहून लोकल धरून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलो व पायी निघालो. ‘काळा घोडा’ हे नाव कसे पडले हे मुलांना वाटेत सांगितले: राजपुत्र असताना सातवे एडवर्ड घोड्यावर बसले आहेत असा एक काळसर पुतळा तेथे होता, १९६५ साली तो उचलून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला, पुतळा गेला तरी नाव काही गेले नाही. पुढे २०१७ साली तेथे नवा काळा घोडा बसविला, आणि त्याच्या पाठीवर कोणीच स्वार नाही.

पहिला तासभर मुलांनी काहीच पाहिले नाही. प्रत्येक वस्तूपुढे उभे राहून ती आपली छायाचित्रे काढीत होती. छायाचित्रास आमचा विरोध नाही, पण छायाचित्र निघाले की पाहण्याचे काम संपले असे मनास वाटते, हा त्याचा तोटा आहे. शेवटी जहांगीर कलादालनाच्या पायऱ्यांपाशी सर्वांस गोळा केले, मोबाइल आमच्या पिशवीत जमा करून घेतले आणि सांगितले की प्रत्येकाने एकच वस्तू निवडावी, तिच्यापुढे पंधरा मिनिटे उभे राहावे, आणि पाच ओळी लिहाव्यात. ‘सुंदर’, ‘मनोहर’, ‘अप्रतिम’ हे शब्द वापरावयाचे नाहीत. पुष्कळ कुरकुर झाली. पहिली पाच मिनिटे तर शिक्षेसारखी गेली. नंतर एकेकाची मान खाली वहीकडे वळू लागली. एका मुलीने लिहिले होते: ‘घोड्यावर आता कावळा बसतो आणि त्याला कोणी उठवत नाही.’ बाकीच्या चार ओळी तिला सुचल्या नाहीत. आम्हीही मागितल्या नाहीत.

कोरी वही देणारा तो मुलगा मात्र घोड्यापाशीही नव्हता आणि चित्रांपाशीही नव्हता. तो सापडला कापडाच्या एका दुकानापुढे. हातमागावरच्या कापडाचा तागा त्याने हातात धरला होता, किनार उलटून पाठीमागची बाजू पाहत होता, आणि भोवती उभ्या राहिलेल्या मित्रांस सांगत होता की हे हाताने विणलेले आहे, कारण बाणा सर्वत्र सारखा ठोकलेला नाही. यंत्रमागावर असे होत नाही. मग ताणा म्हणजे काय, धोटा कसा धावतो, कांडी संपली म्हणजे काय करतात, हे सर्व त्याने हातवारे करून दाखविले. दुकानाची बाई आपले गिऱ्हाईक सोडून ऐकत उभी राहिली. त्याचे वडील भिवंडीत यंत्रमाग चालवितात, हे आम्हांस दोन वर्षांत प्रथमच कळले. आमच्या हजेरीपत्रकात ‘वडिलांचा व्यवसाय: नोकरी’ एवढेच आहे.

परतीच्या गाडीत आम्ही त्यास म्हणालो, “हे लिही.” तो म्हणाला, “सर, ह्यात काय लिहायचे? हे तर सगळ्यांना माहीत असते.” आम्ही म्हणालो, “सगळ्यांना म्हणजे कोणाला?” तो गप्प राहिला. मुलुंड गेले, ठाणे जवळ आले. आमच्या मते साऱ्या गोष्टीचे मर्म ह्या ठिकाणी आहे. जे रोज दिसते ते जगास ठाऊक आहे असे आपण धरून चालतो. आणि जे पुस्तकात छापलेले आहे, ते आपल्यास ठाऊक नसले तरी तेच लिहिण्यासारखे, असे समजतो. भिवंडीत एक मिनिटात शंभराहून अधिक वेळा धोटा इकडून तिकडे जातो, त्या आवाजात हजारो घरे झोपतात आणि उठतात. पण त्या आवाजाचे चार वाक्यांत वर्णन करा म्हटले तर शहरातील मोठमोठ्या लेखकांस ते करता येणार नाही, कारण ते त्यात झोपलेले नाहीत.

आठ दिवसांनी त्याने वही आणून दिली. त्यातील काही भाग त्याच्या परवानगीने येथे देतो:

‘आमच्या घराची मागची भिंत आणि कारखान्याची भिंत एकच आहे. पाठ टेकली की ती थरथरते. वीज जाते तेव्हा सगळ्या लूम एकदम थांबतात आणि माझी लहान बहीण रडत उठते, कारण तिला आवाजाशिवाय झोप येत नाही. चोवीस लूम चालू असताना त्यातली एक थांबली तर बाबा न बघता सांगतात कोणती. मी विचारले, कसे ओळखता? बाबा म्हणाले, आई हाक मारते तेव्हा तू बघून ओळखतोस का?’

आम्ही सवयीने ‘लूम’ ह्या शब्दावर तांबडी रेघ ओढून वर ‘यंत्रमाग’ लिहिले. दुसऱ्या दिवशी ती रेघ खोडून टाकली. जेथे घरी लूमच म्हणतात तेथे मुलाने लूमच लिहावे. शुद्धलेखनाच्या चुका मात्र सात होत्या, त्या दाखविल्या.

त्या मुलास आम्ही नारायण सुर्वे ह्यांची कविता वाचावयास दिली. आईबापांनी टाकलेले हे मूल एका गिरणीकामगाराने उचलून वाढविले. हमाली, गिरणीतील काम, शाळेतील शिपायाचे काम असे करीत करीत ते शिक्षक झाले. त्यांचा पहिला संग्रह ‘ऐसा गा मी ब्रह्म’ १९६२ साली आला, आणि १९६६ साली आला तो ‘माझे विद्यापीठ’. ह्या विद्यापीठाच्या भिंती म्हणजे मुंबईचे रस्ते आणि गिरणगावच्या चाळी. १९९५ साली परभणीच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्या गिरण्या आता बंद पडल्या आहेत. भिवंडीतलेही कित्येक माग गेल्या काही वर्षांत भंगारात गेले. वडील न बघता कोणता माग थांबला हे सांगतात, ही गोष्ट आणखी वीस वर्षांनी कोण लिहू शकेल?

ह्या ठिकाणी पालकांस थोडी विनंती करावयाची आहे. मूल घरी येऊन ‘तुम्ही कामावर काय करता?’ असे विचारू लागले तर त्यास ‘तू आपला अभ्यास कर’ असे सांगून परत पाठवू नये. तोही अभ्यासच आहे, आणि तो आम्हांस शाळेत शिकविता येत नाही. गोदामात माल कसा रचतात, रात्रपाळीस झोप आली तर काय करतात, दूरच्या प्रांतातून आलेला मोटारचालक जेवण कोठे शिजवितो, हे आपण पाच मिनिटे सांगितले तरी मुलाच्या वहीचे एक पान होते. आपल्या भागात आगरी, कोळी, कोकणी मुसलमान, तेलुगू पद्मशाली आणि उत्तरेकडून आलेले विणकर हे सारे शेजारी राहतात. पाहणाऱ्यास येथे प्रवासाला जाण्याचे कष्टही पडत नाहीत.

मोर लिहिणाऱ्या मुलीची गोष्ट राहिली. ती राहनाळचीच. सहलीनंतर तिने विचारले की आमच्या घरी लूम नाही, आम्ही काय लिहावे? बोलता बोलता कळले की तिची आजी धवलारीण आहे. आगरी लोकांच्या लग्नात धवले म्हणून गाणी असतात. मांडव घालण्यापासून हळदीपर्यंत प्रत्येक विधीचे गाणे निराळे, आणि ते म्हणणारी बाई ती धवलारीण. जुन्या चालीप्रमाणे तिच्या गाण्याने लग्न पुढे सरकते. हल्ली मांडवात मोठे कर्णे लावतात, त्यांपुढे म्हाताऱ्या बाईचा आवाज टिकत नाही. ही गाणी मुखोद्गत असतात; आजीने ती कागदावर कधी पाहिलेली नाहीत.

आम्हांस त्या वेळी जिव्या सोमा मशे ह्यांची आठवण झाली. वारली लोकांत लग्नाच्या वेळी घरातील सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. ते काम बायकांचे. लहानपणी आई गेल्यावर बोलणेच सोडून दिलेला आणि धुळीत रेघा ओढून मनातले सांगणारा हा मुलगा मोठेपणी तीच रेघ कागदावर घेऊन आला, आणि तीत त्याने लग्नाच्या चौकाबरोबर मासेमारीचे जाळे, शेत, माणसांची लगबग असे सर्व आणले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते वारले. वारली भिंती लग्न आटोपल्यावर पुसट होत जात. कागदावरचे चित्र राहिले.

आजी प्रथम कबूल होईना. धवला बसल्या बसल्या म्हणावयाचा नसतो, नवरीच्या अंगाला हळद लागलेली असावी लागते, असे तिचे म्हणणे. नातीने आठ दिवस तो विषय काढला नाही. एके दुपारी आजी सुपात तांदूळ निवडीत असता आपोआपच गुणगुणू लागली, तेव्हा ही जवळ वही घेऊन बसली. आजीने पाहिले, पण थांबली नाही. असे करीत तिने सहा गाणी उतरून घेतली आहेत. अक्षर घाईचे आहे, आणि कित्येक शब्दांचा अर्थ तिला किंवा आम्हांसही ठाऊक नाही. ते तिने जसे ऐकले तसेच ठेवले आहेत, हे फार चांगले केले. सातवे गाणे अर्ध्यावर थांबले. पुढचे आजीला आठवत नाही. काल्हेरास तिची नणंद असते, ती पूर्वी तिच्याबरोबर लग्नांस जाई. तिला येत असेल, असे आजी म्हणते.

येत्या रविवारी दोघी काल्हेरास जावयाच्या आहेत. वहीत किती पाने उरली आहेत ती मुलीने मोजली, एकोणीस निघाली. नणंदेस अधिक गाणी येत असतील तर काय करावे, असे तिने आम्हांस विचारले, म्हणून शाळेच्या कपाटातून एक दोनशे पानी वही काढून दिली आहे.